जास्तीचा एक पाट

इंदूरच्या ज्या वसाहतीत मी राहते, तेथील मराठी मंडळाच्या सभेत गेल्या माघ महिन्यात मी एक प्रस्ताव मांडला होता. गुढीपाडव्याच्या दिवशी मंडळाच्या सभागृहात सणाचे जेवण ठेवावे, ज्यांना काही कारणाने घरी सण करता येत नाही त्यांनी तेथे यावे, स्वयंपाक योग्य मोबदला देऊन करून घ्यावा आणि वाढण्याचे काम मंडळातील पुरुष सभासदांनी करावे, असा तो प्रस्ताव होता. त्यावर तासभर चर्चा झाली आणि शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. विरोध करणाऱ्यांत माझ्या जिव्हाळ्याची माणसे होती आणि त्यांचे आक्षेप मनापासूनचे होते, म्हणून सभेत मिळालेल्या दोन मिनिटांत जे सांगता आले नाही ते येथे सविस्तर लिहीत आहे.

आक्षेप तीन होते. पहिला असा की पाडवा, महालक्ष्मी, दिवाळी हे घरचे सण आहेत; त्यांचा स्वयंपाक घरच्या चुलीवर व्हावा, घरच्या देवाला नैवेद्य दाखवला जावा आणि मगच जेवण व्हावे; आचाऱ्याच्या पातेल्यातले श्रीखंड सभागृहात वाढले तर ते लग्नाचे जेवण होते, सणाचे होत नाही. दुसरा असा की मराठी घरांतले सणाचे रांधणे आधीच आटत चालले आहे, आणि आयती सोय मिळाली तर उरलेल्या चुलीही त्या दिवशी थंड राहतील. तिसरा आक्षेप कोणी उभे राहून मांडला नाही. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर्वांसाठी म्हणजे नेमके कोणासाठी गं?” माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, परंतु त्याच्याकडे जाण्यापूर्वी पहिल्या दोन आक्षेपांना उत्तर देणे भाग आहे.

पदार्थ जपला की सण जपला जातो, अशी आपली समजूत आहे. ही समजूत तपासून पाहण्यासाठी आपल्या घरातला अत्यंत पवित्र मानला जाणारा एक पदार्थ घेऊ. आषाढी एकादशीची साबुदाण्याची खिचडी. ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंद, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि बटाटा, या चारही गोष्टी मूळच्या अमेरिका खंडातल्या आहेत आणि पोर्तुगीजांच्या व इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गेल्या चारपाचशे वर्षांत आपल्याकडे आल्या आहेत. आजही देशातला बहुतेक साबुदाणा तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात तयार होतो. ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातल्या वारकऱ्याने एकादशीला ही खिचडी खाल्ली असणे शक्यच नाही. तरीही ती आपली आहे, पूर्णपणे आपली आहे, कारण चार पिढ्यांनी ती उपासाच्या दिवशी एकत्र बसून खाल्ली आहे. पदार्थाला आपलेपण आले ते असे एकत्र खाण्यामुळे. त्याच्या उगमाचा दाखला कोणी कधी मागितला नाही.

इंदूरमध्ये तर या खिचडीची पुढची कथाही आपल्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. सराफ्यातल्या पेढ्या रात्री बंद झाल्या की त्यांच्या ओट्यांपुढे खाण्याचा बाजार भरतो आणि तेथे ही खिचडी फराळी मिश्रण, मसाला आणि लिंबू घालून द्रोणात दिली जाते. ती खाणाऱ्यांत उपास करणारे थोडे आणि हौसेने आलेले पुष्कळ असतात. पोह्यांचेही तसेच. ते मराठी घरांतून या शहरात आले असे मानले जाते, आणि येथे त्यांना वाफेवर ठेवण्याची रीत, बडीशेप, जिरावन नावाचा मसाला, शेव आणि सोबतची जिलबी मिळाली. आता माझ्या स्वयंपाकघरातही पोहे याच पद्धतीने होतात आणि पुण्याहून आलेली माझी मावशी दर खेपेस बडीशेप वेचून ताटाच्या कडेला ठेवते. माळव्यातल्या काळ्या मातीत गहू पिकतो, त्यामुळे गणपतीला आमच्याकडे उकडीच्या मोदकांपेक्षा तळणीचे मोदक अधिक झाले. हिवाळ्यातल्या एखाद्या सणाला पाहुणे येणार असले की पोळीऐवजी दाल-बाफले आणि लाडू होऊ लागले. थंडीत गराडू हा कंद तळून त्यावर जिरावन भुरभुरल्याशिवाय आमच्या घरातल्या मुलांना दिवाळीनंतरचे दिवस सुरू झाल्यासारखे वाटत नाहीत. यातल्या कोणत्याही बदलाने आम्ही कमी मराठी झालो असे मला वाटत नाही.

मंदसौरच्या १८१८ च्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि तिच्याबरोबर व तिच्यानंतर अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. दोनशे वर्षांच्या या काळात आमचे पदार्थ बदलले, बोलीत हिंदी मिसळली, वाडे पडून त्यांच्या जागी सदनिका आल्या. मग टिकले काय? माझ्या लहानपणी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आमच्या घरी सणाला जी पंगत बसे तिच्यात जे होते ते टिकले. पाट, पाटाभोवती रांगोळी, ताटाच्या वरच्या टोकाला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. मग श्लोक, मग आजोबांचे “सावकाश होऊ द्या”, आणि त्यानंतर सुरू होणारा आग्रह, ज्याला नाही म्हणण्यासाठी ताटावर आडवा हात धरावा लागे. एकाच वेळी बसणे, एकमेकांच्या पानाकडे लक्ष ठेवणे आणि कोणाचे काय संपले हे त्याने मागण्यापूर्वी ओळखणे, हे सगळे त्या रीतीत होते. पुरणपोळीची कृती पुस्तकातही सापडते आणि मोबाइलवरही. पानाकडे लक्ष ठेवण्याची सवय मात्र पंगतीत बसल्याशिवाय अंगी येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की मोठ्या शहरात सण टिकवायचा असेल तर जपण्याची पहिली गोष्ट पंगत ही आहे, आणि ती टिकण्यासाठी तिचे दोन जुने नियम आपण जाणूनबुजून सोडले पाहिजेत.

पहिला नियम कोठेही लिहिलेला नव्हता. ज्यांनी रांधले त्यांनी शेवटी बसायचे, हा तो नियम. आमच्याकडे महालक्ष्मींचा सण मोठा असे. अनुराधा नक्षत्रावर त्या येत, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होई आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजनाच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, कटाची आमटी, पंचामृत, वडे, भजी. आई आणि काकू पहाटे चारला न्हाऊन स्वयंपाकाला लागत. पहिली पंगत पुरुषांची आणि पाहुण्यांची, दुसरी मुलांची, आणि मग दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, धुराने आणि उभे राहून दमलेल्या त्या दोघी भिंतीला टेकून जेवायला बसत. तोवर भजी मऊ पडलेली असत आणि आमटी पुन्हा ऊन करण्याचे त्राण कोणात नसे. त्यांच्या पानाकडे लक्ष ठेवायला तेव्हा कोणी उरलेले नसे, कारण पुरुषमंडळी वामकुक्षीला गेलेली असत. लग्नात मुलीला माहेरहून अन्नपूर्णेची मूर्ती देण्याची आपली रीत आहे. ती मूर्ती देवघरात ठेवणारी बाई स्वतःच्या घरच्या सणाला गार अन्न जेवत असे, आणि हे आम्हा सर्वांना इतके नेहमीचे वाटे की मीही ते पहिल्यांदा नीट पाहिले ते माझ्या लग्नानंतर, जेव्हा ती भिंतीलगतची जागा माझ्या वाट्याला आली.

हे जुन्या काळापुरते नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी २९९ मिनिटांचा वेळ त्यांत जातो आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. ही सर्वसाधारण दिवसाची सरासरी आहे. सणाच्या दिवसाची मिनिटे कोणी वेगळी मोजलेली नाहीत, पण ज्या घरात दोघेही नोकरी करतात आणि पाडव्याला कचेरीला सुट्टी असेलच याची खात्री नाही, त्या घरात ती कोणाच्या झोपेतून काढली जातात हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. “चुली थंड पडतील” अशी काळजी ज्यांना वाटते त्यांना माझा आदरपूर्वक प्रश्न आहे की ती चूल आपल्या घरात कोणी पेटती ठेवावी असे त्यांना वाटते. स्वतः उभे राहून पुऱ्या तळण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्या काळजीला मी मान देते. ज्यांची तशी तयारी नाही त्यांनी सुनेने वा लेकीने विकत आणलेल्या पुरणपोळीला नावे ठेवू नयेत.

विकत आणलेल्या फराळाबद्दल आपण बोलतो तेव्हा तो कोण करते हे विसरतो. इंदूरच्या लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर या भागांत दिवाळीच्या आधी महिनाभर किती घरांतून चकलीच्या भाजणीचा वास येत असतो! त्या घरांतल्या कितीतरी बायकांच्या मुलांचे शिक्षण अनारसे आणि करंज्यांवर झालेले आहे. मुंबईत प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या बायकांच्या संघटनेतून. घरचा स्वयंपाक हे कौशल्य आहे आणि त्याला दाम मिळाला पाहिजे, ही जाणीव त्या कामाच्या मुळाशी होती. म्हणून सणाचे अन्न विकत घेण्यात मला कमीपणा दिसत नाही. कमीपणा असेल तर तो घासाघीस करून, दिवाळीच्या आदल्या रात्री दहा किलो चिवड्याचा भाव पाडून मागण्यात आहे. ज्या घरात पदार्थ बाहेरून येतात आणि प्रत्येकजण आपापल्या वेळी, आपापल्या पडद्यासमोर डबा उघडून खातो, तेथे काहीतरी हरवले हे मलाही मान्य आहे. पण ते डब्यामुळे हरवलेले नाही. तेच पदार्थ ताटात वाढून, सर्वांनी एका वेळी बसून खाल्ले असते तर पंगत झाली असती, आणि रांधणारीही पहिल्या घासाला सोबत असती.

आता तिसरा आक्षेप, काकूंचा. सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

पंगतीचा दुसरा जुना नियम असा की तिच्यात कोण बसू शकते हे आधीच ठरलेले असे. या नियमाने आपल्या समाजात किती अनर्थ केले ते इतिहासात नोंदलेले आहे. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आले आणि प्रायश्चित्ताचा वाद पुढे बराच काळ चालला. एक पेला चहासुद्धा तेव्हा माणसाला आपल्या लोकांच्या पंक्तीतून उठवू शकत होता. त्याच्याही तीनशे वर्षे आधी पैठणच्या एकनाथांनी श्राद्धासाठी केलेला स्वयंपाक अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना जेवू घातल्याची कथा आपण भक्तिभावाने सांगतो आणि ऐकतो. ती कथा ऐकताना आपण मनाने नेहमी नाथांच्या बाजूला उभे असतो. प्रत्यक्ष पाट मांडताना मात्र आपण ओळखीचे आडनाव विचारतो.

हे लिहिताना मला संकोच वाटतो, कारण मी माझ्याच लोकांविषयी लिहीत आहे आणि त्यांच्या प्रेमावरच मी वाढले आहे. पण इंदूरमध्ये “मराठी” या शब्दाचा अर्थ आपण फार आखूड करून ठेवला आहे. होळकरांच्या काळापासून आलेली, किंवा निदान तीन पिढ्यांपासून येथे असलेली काही घराणी, त्यांची मंडळे, त्यांचे गणपती आणि त्यांची नाटके म्हणजे मराठी समाज, असे आपण धरून चालतो. या शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर महू आहे, जेथे १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. दर वर्षी त्यांच्या जयंतीला महाराष्ट्रातून हजारो मराठी माणसे तेथे येतात, त्यांतली कितीतरी इंदूरच्या स्थानकावर उतरतात, आणि त्यांच्याशी आपल्या मराठी वसाहतींचा काही संबंध येत नाही. पाडवा आणि ही जयंती यांच्यात बहुतेक वर्षी फार तर तीन आठवड्यांचे अंतर असते. पाडव्याला गुढी उभारणारे आणि महूला जाणारे एकच भाषा बोलतात, एकाच शहरातून जातात आणि एकमेकांचे पाणीही पीत नाहीत; कोणाची बंदी आहे म्हणून नव्हे, भेटच होत नाही म्हणून.

आणि विद्यार्थी. इंदूर हे आता शिकायला आणि स्पर्धा परीक्षांना येण्याचे शहर झाले आहे. राज्य लोकसेवा आयोगाचे मुख्यालय येथे आहे, आयआयएम आणि आयआयटी दोन्ही येथे आहेत, आणि भंवरकुआँच्या आसपासच्या गल्ल्या वसतिगृहांनी व अभ्यासिकांनी भरलेल्या आहेत. २०११ च्या जनगणनेतच १९ लाखांच्या वर गेलेल्या या शहरात बऱ्हाणपूर, मुलताई, सौंसर, पांढुर्णा येथून येणारी मुलेमुली मराठी बोलत वाढलेली असतात. त्यांची मराठी आमच्यापेक्षा अधिक ताजी, कारण ती अजून शेतात आणि बाजारात वापरली जाते. त्यांतले बहुतेक शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या घरांतले आहेत. त्यांना आपल्या मंडळांचा पत्ता नाही आणि मंडळांना त्यांचा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर पांढुर्ण्याच्या दोन मुली भाड्याने राहायला आल्या. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी जिन्यात त्यांच्याशी हिंदीत बोलले, कारण त्या मराठी असतील असे माझ्या मनातच आले नव्हते. संध्याकाळी त्यांच्या दाराशी कचऱ्याच्या पिशवीत तयार शेवयांची दोन पाकिटे दिसली. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापैकी एक फोनवर आईशी बोलताना ऐकू आली, “हो गं आई, केलं ना, गोडाचं केलं.” ते ऐकून त्या दिवशी मला जेवण गेले नाही. बंगळूरला नोकरी करणारी माझी मुलगी मला दर सणाला हेच सांगत असते, आणि मी त्यावर विश्वास ठेवत आले होते.

आपल्या जुन्या पिढ्यांनी या प्रश्नावर एक उत्तर काढले होते, हे विसरता कामा नये. शिकण्यासाठी शहरात आलेल्या गरीब मुलाला सात घरे सात वार वाटून घेत. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे त्याचे वार लागत आणि त्यावर त्याचे शिक्षण होई. महाराष्ट्रातली कितीतरी विद्वान माणसे वार लावून जेवून मोठी झाली. त्या पद्धतीत दोष मोठे होते. ती बहुतांशी एकाच जातीच्या मुलांपुरती होती, आणि जेवताना उपकाराची जाणीव करून देणारी घरेही पुष्कळ होती. तरीही, परक्या मुलाचे जेवण ही आपल्या घराची जबाबदारी आहे असे मानणारे शहरी जीवन मराठी माणसाने एकदा घडवून पाहिले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिच्यातली भिंत काढून टाकून ती पुन्हा उभी करता येईल, निदान सणाच्या दिवसापुरती.

पंगतीबाहेर ठेवलेल्यांत आणखी एक वर्ग आहे आणि तो आपल्याच घरांत राहतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे होते तेव्हा, किंवा महालक्ष्मींना सवाष्ण जेवायला बोलावतात तेव्हा, नवरा गमावलेली बहीण, आत्या, शेजारीण घरात असूनही त्या मानाच्या पाटावर बसत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची दखल महाराष्ट्र शासनालाही घ्यावी लागली. एका गावाला जे जमले ते आमच्या सुशिक्षित वसाहतीला का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही. माझ्या सासूबाईंनी सासरे गेल्यानंतर अकरा वर्षे महालक्ष्मींच्या स्वयंपाकाची सारी देखरेख केली. पुरणात वेलदोडा किती आणि जायफळ किती हे त्याच सांगत. सवाष्णीच्या पाटावर मात्र दर वर्षी कोणी दुसरीच बसत असे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मीही कधी त्यांना त्या पाटावर बसा म्हटले नाही. आता म्हणायला त्या नाहीत.

आमचे हिंदीभाषक शेजारी या बाबतीत आपल्या पुढे आहेत, असे मी मनापासून म्हणते. हनुमान जयंतीला किंवा गणपतीच्या दिवसांत इंदूरच्या चौकाचौकांत भंडारे होतात. पूरी, भाजी आणि नुक्तीचा द्रोण हातात ठेवताना कोणी नाव विचारत नाही. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते तेव्हा त्या रंगात कोण कोणाचा हे ओळखू येत नाही, आणि त्या दिवशी शहर जे एक होते ते पाहिले की अभिमान वाटतो. अहिल्याबाईंच्या अन्नछत्रांचा आणि धर्मशाळांचा वारसा आपण भाषणांत सांगतो; तो चालवण्याचे काम या शहरात बहुधा इतरांनीच केले. मात्र भंडाऱ्यात उभ्याने द्रोण घेऊन माणूस पुढे जातो, आणि पंगतीत त्याला कोणीतरी बसवून घेते, त्याच्या पानाकडे पाहते, आणखी एक पुरी वाढू का म्हणून विचारते. भंडाऱ्याचे मोकळेपण आणि पंगतीतली ही विचारपूस एकत्र आली तर ती या शहराला मराठी माणसाकडून मिळालेली, पोह्यांइतकीच टिकाऊ गोष्ट होईल.

आता प्रत्यक्षात हे कसे करायचे ते सांगते, कारण सभेत “कल्पना चांगली आहे, पण” असे अनेकांनी म्हटले. पाडवा कामाच्या दिवशी आला तर जेवण संध्याकाळी ठेवावे. सकाळी घरोघरी गुढी उभारून, कडुलिंबाचा प्रसाद घेऊन, ज्याला जमेल त्याने घरचा नैवेद्य करावाच, त्याला या जेवणाने बाधा येत नाही. स्वयंपाक वसाहतीतल्या ज्या बायका फराळाचा व्यवसाय करतात त्यांच्याकडून बाजारभावाने करून घ्यावा आणि त्यांची पाने पहिल्या पंगतीत मांडावीत. मंडळाच्या सभासदांनी वर्गणी द्यावी. विद्यार्थ्यांकडून आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडून काही घेऊ नये, आणि ज्याला द्यायचे आहे त्याने दारातल्या पेटीत गुपचूप टाकावे, म्हणजे कोणाला कोणाचे उपकार वाटणार नाहीत. वसतिगृहांच्या आणि अभ्यासिकांच्या फलकांवर आठ दिवस आधी मराठीत व हिंदीत सूचना लावावी, तिच्यात “मराठी समाजासाठी” असे न लिहिता “पाडव्याचे जेवण, सर्वांना आमंत्रण” असे लिहावे. नोंदणीसाठी नाव पुरे आहे. आडनाव कशाला हवे? पाट पुरणार नाहीत, तर सतरंज्या घालाव्यात, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी टेबले मांडावीत. वाढायला पुरुषांनी उभे राहावे हा माझा आग्रह आहे, आणि तो केवळ बायकांना विश्रांती मिळावी म्हणून नाही. वाढणाऱ्याला प्रत्येक पानासमोर वाकावे लागते आणि समोरच्याला काय हवे ते विचारावे लागते, आणि ही सवय घरातल्या मुलग्यांना लागावी असे मला वाटते.

ज्यांना सभागृहातली पंगत रुचत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाटही आहे, आणि ती कोणत्याही ठरावाची वाट पाहत नाही. सणाच्या दिवशी घरी जितकी माणसे असतील त्यापेक्षा एक पाट जास्त मांडायचा आणि तो रिकामा राहणार नाही याची तजवीज आदल्या दिवशी करायची. शहरात एकटा माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. रात्रपाळीचा पहारेकरी, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, रुग्णालयात नातेवाइकापाशी बसलेला कोणी बाहेरगावचा माणूस, नुकतीच बदली होऊन आलेली बँकेतली कारकून मुलगी, यांतले कोणीतरी आपल्या पाहण्यातले असतेच.

यंदाच्या पाडव्याला मी तसेच केले. पांढुर्ण्याच्या दोघींना आणि त्यांच्या अभ्यासिकेतल्या सौंसरच्या एका मुलाला जेवायला बोलावले. श्रीखंड-पुरीचे पान वाढले, माझ्या यजमानांनी वाढले, आणि मी पहिल्या घासाला त्यांच्या शेजारी बसले. धाकटी थोडी चाचरत म्हणाली, “काकू, आमच्याकडे पाडव्याला पुरणपोळी असते, आणि सोबत तुपाची वाटी.” मी तिला विचारले की पुरण करता येते का, तर म्हणाली की आईला विचारून करेन. गेल्या रविवारी तिने माझ्या स्वयंपाकघरात पुरण शिजवले, सौंसरच्या मुलाने ते पुरणयंत्रातून काढले, आणि पोळ्या मात्र माझ्या यजमानांच्या हातून फाटल्या तरी सगळ्या संपल्या.

मंडळाची पुढची सभा श्रावणात आहे. विषयपत्रिकेत हा विषय पुन्हा घ्यावा असे पत्र मी कार्यवाहांना दिले आहे. त्यासोबत वाढायला तयार असलेल्या सहा पुरुषांची नावे जोडली आहेत, त्यांत सौंसरच्या त्या मुलाचेही आहे, आणि पाडव्याला श्रीखंड करावे की पुरण याचा निर्णय येणाऱ्यांवर सोपवावा अशी विनंती केली आहे.